अपाला सांगितलेल्या गोष्टी

कार्ड चारुमावशींच्या हातात पडलं, तिथंच बिनसलं. पोस्टमन सरळ ज्योत्स्नामयीच्या दाराशी आला असता तर तिनं ते वाचून गादीखाली सारलं असतं, आणि दिवस सणाचा होता तो सणाचाच राहिला असता. पण ती मागच्या अंगणात हळदीची पानं धूत होती, आणि चारुमावशी शेजारच्या ओट्यावर कायमच्याच बसलेल्या. गल्लीतलं सगळं टपाल आधी त्यांच्या नजरेखालून जायचं. नळाच्या धारेखाली पान धरलेलं असताना तिला आतून त्यांचा आवाज ऐकू आला, शाळकरी मुलीसारखा, एकेक शब्द सुटा करून वाचणारा. "आपली कथा, ‘हळदीचा वाफा’, सणाचं औचित्य साधून, दिनांक अमुक, दुपारी दीड वाजता, कटक केंद्रावरून... अगं सुकांती, हे तर आज! आजच की गं! तुझ्या बहिणीचा आवाज रेडिओवर!" मग सुकांतीचं, तिच्या अपाचं म्हणजे थोरल्या बहिणीचं, हसणं. "आमच्या कुनीचा?" अपासाठी ज्योत्स्नामयी कायम कुनीच होती. पाणी मनगटावरून ओघळत कोपरापर्यंत आलं, पदर भिजला, तरी ज्योत्स्नामयीला नळ बंद करायचं सुचेना. कार्तिकी पौर्णिमेला आठ दिवस झाले होते, पाण्याला गारठा होता. घसरायच्या आधी पायाला कळतं ना, तसं तिला काहीतरी कळलं.

कथा तिनं बारा दिवसांपूर्वी वाचून दिली होती. काचेच्या खोलीत, समोर लाल दिवा, आणि पानं उलटताना आवाज होऊ नये म्हणून प्रत्येक पान वेगळं धरलेलं. रेडिओ केंद्रावरच्या बाईंनी सांगितलं होतं, तारीख कळवू. तिनं मनाशी धरलं होतं, पौषात कधीतरी लागेल, तोवर अपा गावी परतलेली असेल, आणि अपाच्या गावात रेडिओ ऐकायचा तो बाप्यांनी, चावडीवर. सणाचं औचित्य कुणाच्या डोक्यात येईल हे तिच्या डोक्यात आलं नव्हतं. खरं तर यायला हवं होतं. कथाच मुळी या अष्टमीची, प्रथमाष्टमीची. घरातल्या पहिल्या अपत्याला पाटावर बसवून ओवाळायच्या दिवसाची.

ती आत आली तेव्हा अपा चुलीपुढं बसून पानावर वाटणाचा हात फिरवत होती. खोबरं-गूळ मध्ये ठेवून पान दुमडलं की एंडुरी झाली. अपाची दुमड अशी की पानाची शिर कधी मोडत नसे. काल जाजपूरच्या बाजूनं बसमधून येताना तिनं पानांचा भारा मांडीवर घेतला होता, तान्हं मूल घ्यावं तसा. दर वर्षी ती याच घरी यायची. पहिल्या मुलाचे नवे कपडे मामाच्या घरून यायचे असतात, आणि या दोघी बहिणींना भाऊ नव्हता. म्हणून अपाच्या बाबुलीचं मामाचं घर म्हणजे कटकच्या या गल्लीतलं मावशीचं घर. आणि ज्योत्स्नामयीला गेल्ही झाल्यापासून इथं पाट दोन मांडायचे. एक एकोणतीस वर्षांच्या, पारादीपच्या गोदीत क्रेन चालवणाऱ्या बाबुलीचा, एक पाच वर्षांच्या गेल्हीचा.

"वाफा कसला गं?" अपानं मान वर न करता विचारलं. "तू तर पोपटाची म्हणाली होतीस. जगन्नाथाचं नाव घेणारा पोपट."

"तीच ती," ज्योत्स्नामयी म्हणाली. "पोपट वाफ्यात येतो."

"हळदीच्या? हळदीत पोपट काय खाणार, कपाळ?"

"गोष्टीत खातो."

"हो बाई. गोष्टीत काय, वाघ पण भात खाईल." अपा हसली, आणि चारुमावशींना म्हणाली, "ऐका तुम्ही, फार गोड आहे. शेवटी पोपट रथाच्या दोरीवर जाऊन बसतो."

अपाला वाचता येत नव्हतं. चौदा वर्षं ज्योत्स्नामयी या एका गोष्टीच्या आधारानं जगली होती. एकोणिसाव्या वर्षी तिची पहिली कथा कटकच्या बालुबजारातल्या एका मासिकाच्या दुर्गापूजेच्या अंकात छापून आली, तेव्हा ती तो अंक घेऊन धावत गावी गेली होती, आणि अपानं राखेचे हात धुऊन अंक कपाळाला लावला होता. मग विचारलं होतं, "यात काय लिहिलंयस?" यात तू आहेस अपा. सासूनं तुझ्या पाठीवर ओढलेलं जळकं लाकूड आहे, आणि दुसऱ्या दिवशी तू मला शाळेत सोडायला आलीस ते आहे, पदर घट्ट घेऊन, रक्त दिसू नये म्हणून. हे कसं सांगायचं? तिनं त्या क्षणी दुसरीच गोष्ट रचली. एका कुंभाराच्या बायकोची, जिच्या मडक्यात चंद्र उतरतो. अपाला ती इतकी आवडली की तिनं सगळ्या आळीला ऐकवली. तिथून सवय लागली. एकतीस कथा छापून आल्या, तीन पुस्तकं निघाली, एका साहित्य संसदेनं शाल दिली. आणि प्रत्येक छापील कथेमागं एक दुसरी कथा होती, फक्त अपाला सांगितलेली, जिच्यात कुणी मरत नसे आणि सासवा शेवटी सुधारत. समीक्षक लिहीत की ज्योत्स्नामयी महापात्र यांच्या कथांतली स्त्री सोसते पण बोलत नाही. बोलेल कशी? तिला विचारलंच कुणी नव्हतं. तिची परवानगी घ्यायची सोडून तिच्यासमोर चंद्र ठेवला होता. गेल्ही झाल्यावर लिहिणं दुपारच्या तासाभरावर आलं, मूल झोपलेलं, एक हात झोळीच्या दोरीला. त्या तासात दोरी हलवता हलवता कधी कधी ती अपाला सांगायची गोष्ट आधी रचून टाकी आणि मग खरी लिही. चोर पळायची वाट आधी बघून ठेवतो, तशी.

आणि हळदीचा वाफा तर शपथेसारखा होता. आई गेल्यावर अपा तिला स्वतःच्या सासरी घेऊन आली होती. ती नऊ वर्षांची असताना, अशाच अष्टमीला, घरात बाबुलीला ओवाळून झालं होतं, पाच वर्षांचा बाबुली नवी चड्डी घालून गावभर मिरवत होता, आणि ती अपाला शोधत परसात गेली. अपा वाफ्यात उकिडवी बसली होती. पुढं एक एंडुरी, कोमट, पानात गुंडाळलेली. तिनं ती मातीत ठेवली, वर माती सारली, आणि तळव्यानं हळूहळू थोपटली. माती नव्हे, माती कुणी तसं थोपटत नाही. मग वळून बघितलं तर कुनी उभी. अपा ओरडली नाही. नुसती बघत राहिली. ते बघणं चोवीस वर्षांत कधी तिच्या अंगावरून उतरलं नव्हतं. पुढं आळीतल्या बायकांच्या बोलण्यातून तिनं बाकीचं जुळवलं. बाबुलीच्या आधी एक झालं होतं. पाचव्या दिवशी गेलं. सहाव्याला षष्ठीची पूजा होते, देवी येऊन कपाळावर लिहून जाते, तेव्हा कुठं मूल मूल होतं. "पाच दिवसांचं काय मोजायचं," सासू म्हणाली होती, आणि दोन वर्षांनी बाबुली झाला तेव्हा त्यालाच पहिला म्हणून पाटावर बसवलं. कुणाला सांगायचं नाही. बाहेर फुटलं तर देवी हिशेब मागेल, खोट्या पहिल्याला उचलून नेईल. अपानं हे खरं मानलं होतं. दर वर्षी ती बाबुलीला ओवाळायची तेव्हा तिचा हात का थरथरतो हे त्या घरात फक्त कुनीला माहीत होतं.

आणि कुनीनं ते लिहिलं. लिहिताना तिला भीती वाटली नव्हती, हेच आता सगळ्यात भीतीदायक वाटत होतं. उलट हात गरम झाला होता, वाक्यं एकापाठोपाठ एक येत होती, आणि शेवटचं वाक्य उतरलं तेव्हा तिनं शेजारी झोपलेल्या गेल्हीचा पाय धरून मुका घेतला होता. आनंदानं. आज दीड वाजता तो आनंद तिच्याच आवाजात बोलणार होता. अपासमोर, आणि नेमका आज, दोन पाट मांडलेले असताना.

तिनं जे केलं ते करताना ती स्वतःकडे बघत नव्हती. फळीवरचा रेडिओ उतरवला, मागचं झाकण काढलं, चारही सेल काढून तांदळाच्या डब्यात खोल खुपसले. "काय करतेस आई?" गेल्हीनं दारातून विचारलं. "काही नाही, तांदूळ बघते." "तांदळाला रेडिओ लागतो?" तिनं मुलीला उचलून घेतलं, तिच्या मानेत नाक खुपसलं. तेलाचा, झोपेचा, नव्या फ्रॉकच्या खळीचा वास. मनात आलं, देवीनं हिशेब मागितला तर तो कुणाकडून मागेल? लिहिणारीकडून मागितला तर? हीसुद्धा पहिलीच. ती स्वतःला म्हणाली, तू बीए झालेली बाई आहेस. पण बीए कुठंतरी लांब, कॉलेजच्या जिन्यात राहिलं होतं, आणि मुलीची मान इथं होती, एका मुठीत मावेल एवढी.

बाबुलीची बस बाराची. साडेबारा झाले, एक झाला. अपानं दोनदा दारात जाऊन बघितलं. वाफेनं सगळं घर हळदीच्या वासानं भरलं होतं. बायका येऊ लागल्या, कारण अपानं सकाळीच गल्लीभर बोलावणं केलं होतं: चारुमावशी, त्यांची सून, कोपऱ्यावरच्या शिंप्याची बायको, आणि दात नसलेली बुढीमा, जिला नीट ऐकू येत नसे पण सगळीकडे यायची हौस. अपानं त्यांना चटईवर बसवलं, स्वतः पुढं. रेडिओचं बटण फिरवलं. काही नाही. पुन्हा फिरवलं.

"सेल गेले वाटतं," ज्योत्स्नामयी म्हणाली. तिला स्वतःचा आवाज फार नीट वाटला.

"आजच जायचे होते?" अपाचा चेहरा इतका उतरला की तिला वाटलं, आत जावं आणि तांदूळ पालथे करावेत.

"अगं, रडतेस काय!" चारुमावशी उठल्या. "माझ्याकडं जावयानं दिलेला आहे की. विजेवर चालतो. आमचा जावई कंजूस, पण वस्तू चांगली आणतो." आणि त्या गेल्या आणि आल्या, रेडिओ काखेत, वायर लोंबत, आणि ज्योत्स्नामयीनं स्वतःच्या हातानं तो भिंतीत लावून दिला, कारण बटणापर्यंत दुसऱ्या कुणाचा हात पोचत नव्हता.

आधी बासरी. मग केंद्रावरच्या बाईंनी तिचं नाव घेतलं, संपूर्ण, आडनावासकट, आणि बायकांनी एकमेकींना कोपरानं ढोसलं. मग तिचा आवाज. ती दाराच्या चौकटीला टेकून उभी होती आणि तिकडे पेटीतून कुणीतरी तिच्यासारखी बाई बोलत होती. सावकाश, शहाण्यासारखी, प्रत्येक विरामाला थांबून. तिला त्या बाईचा राग आला. किती सुख होत होतं तिला! ‘पाच दिवसांचा मुलगा कुणाच्या मोजणीत नसतो,’ ती बाई म्हणत होती, ‘पण दूध मोजून येत नाही. ते त्याच्यानंतरही येत राहिलं, आणि तिनं ते हळदीच्या वाफ्यात पिळलं.’ अपाची पाठ तिला दिसत होती. पांढऱ्या साडीचा तांबडा काठ, मानेवर सुटलेले चार केस. पाठ हलली नाही. तिनं आयुष्यभर त्या पाठीवरून सगळं ओळखलं होतं, ताप, भूक, राग. आज तिथं काहीच लिहिलेलं नव्हतं.

"पोपट कधी येणार?" शिंप्याची बायको कुजबुजली.

"येईल गं, दम धर."

‘मग दुसरा झाला. त्याला पहिला म्हणाले. आणि तिनं त्याला पाटावर बसवून दिवा हातात घेतला...’

"अगंबाई!" चारुमावशींनी गालावर हात मारून घेतला. "दुसऱ्यालाच पहिला करून ओवाळतात? आणि षष्ठीदेवी खपवून घेईल हे? त्या पोराचं काय होणार? बघा, शेवटी तो मरणार. नक्की मरणार."

ज्योत्स्नामयीनं रस्त्याकडे बघितलं. दोनला दहा कमी. बाराची बस. पारादीपचा रस्ता तिच्या डोळ्यांपुढं लांबच लांब उघडला. खनिजाचे ट्रक, पुलाचे कठडे, कठड्याला कुठंतरी पडलेलं खिंडार. तिला आठवेना, तिनं कथेत शेवटी त्या मुलाचं काय केलं होतं. खरंच आठवेना. स्वतः लिहिलेलं, स्वतः वाचलेलं; पण मेंदूच्या जागी नुसती वाफ. मारलं होतं का मी त्याला? संपादकांना शेवट टोकदार लागतो. पहिल्या खर्ड्यात तो पुरात जातो. ते खोडलं होतं का मी? ती पेटीतली बाई मात्र घाई करत नव्हती. ती वाफ्याचं वर्णन करत होती.

"काय गं मावशी, कोण मेलं?" दारात बाबुली, खांद्याला पिशवी, केसांवर धूळ. "सगळ्या अशा सुतकात बसल्यासारख्या? बसचा पट्टा तुटला म्हणून उशीर. भूक लागलीय, सांगून ठेवतो."

"शूऽऽ," सगळ्या एकदम म्हणाल्या. ज्योत्स्नामयीनं त्याचं मनगट धरलं. त्यानं सोडवायला बघितलं, मग तिच्या चेहऱ्याकडं बघून सोडवलं नाही. आणि तसंच, तिच्या घामट मुठीत मनगट देऊन, त्यानं कथेचा शेवट ऐकला. मुलगा मेला नव्हता. कथेतली बाई माती थोपटते आणि घरात परत येते, एवढंच. बासरी वाजली. लगेच एक पुरुष खताविषयी बोलू लागला आणि चारुमावशींनी त्याला बंद केलं.

"पोपट आलाच नाही," शिंप्याची बायको म्हणाली.

"बिचारी," सून डोळे पुसत म्हणाली. "कुठली असेल हो ही?"

"गोष्टीतली गं. असं खरं असतं का कुठं?"

अपा उठली. गुडघ्यावर हात देऊन, नेहमीसारखी. तिनं ज्योत्स्नामयीकडं बघितलं, आणि ते परसातलं बघणं नव्हतं. दुसरं काहीतरी होतं, थकलेलं, जवळजवळ कीव करणारं. "तू मला सांगायचीस त्या मऊ असायच्या," ती म्हणाली. "मला वाटायचंच, एवढ्या मऊ गोष्टींना कोण शाल देतं." मग पदरानं हात पुसले, कोरडेच होते तरी. "सगळं बरोबर लिहिलंस, कुनी. दुधाचं तुला कुणी सांगितलं कोण जाणे, तेही बरोबर. पण ती मुलगी होती."

कुणाला काही कळलं नाही. ज्योत्स्नामयीला कळलं. मुलगा. तिनं कधी विचारलंच नव्हतं. एवढं दुःख, चोवीस वर्षं पुरणारं, म्हणजे मुलगाच असणार, असं तिनं धरलं होतं. तिनं, जिच्याविषयी लोक लिहीत की ही बायकांचं जाणते.

"कोण मुलगी?" चारुमावशींनी विचारलं.

"माझी. याच्या आधीची." अपानं बाबुलीकडं हनुवटी केली. "पाच दिवसांची होती. हात माझ्या अंगठ्याला असे धरून ठेवायची."

शिंप्याच्या बायकोनं तोंडावर पदर घेतला. चारुमावशींचा हात गालापर्यंत येऊन तिथंच थांबला. थोड्या वेळापूर्वी ज्याला ‘नक्की मरणार’ म्हटलं होतं ते पोर समोर उभं होतं, धुळीनं माखलेलं, भुकेलेलं, आणि गल्लीतल्या चार बायका त्याच्याकडे अशा बघत होत्या की जणू तो कुठल्याही क्षणी विझेल. बाबुलीनं सगळ्यांकडं एकदा बघितलं. "म्हणजे," तो म्हणाला, "मी धाकटा?"

त्यानं खांद्यावरची पिशवी खाली ठेवली.

"मग एवढी वर्षं मोठ्या मुलाच्या नावानं शिव्या खाल्ल्या त्या कुणाला परत करू?" पण आवाज मध्येच फाटला, आणि तो भिंतीकडं वळून पिशवीत काहीतरी शोधू लागला.

अपा आत गेली आणि स्वयंपाकघरातला तिचा स्वतःचा पाट घेऊन आली, जेवायला बसायचा, एका कोपऱ्याला झिजलेला. दोन पाटांच्या डाव्या अंगाला, सगळ्यांत पहिला, तो मांडला. चंदन लावलं.

"सुकांती," चारुमावशी घाबऱ्या आवाजात म्हणाल्या, "गेलेल्याला ओवाळत नाहीत गं. शेजारी ही लेकरं बसायचीत. अवलक्षण होईल."

"एकोणतीस वर्षं भीतच होते, मावशी. भिऊन काय झालं, ते आत्ता सगळ्यांनी ऐकलं." तिनं दिवा पेटवला. काडी दुसऱ्यांदा ओढल्यावर पेटली. भीती गेली नव्हती; तिच्या ओठांच्या कडेला ती दिसत होती, ज्योत्स्नामयीला दिसत होती. अपा भीत भीतच करत होती हे. "फक्त एक अडचण आहे. ओवाळताना नाव घ्यायचं असतं. नाव एकविसाव्या दिवशी ठेवतात, आणि ही पाचव्याला गेली." ती वळली. "तू सांग कुनी. तुला सुचतात."

सगळ्या तिच्याकडं बघू लागल्या. बुढीमासुद्धा, जिला काही ऐकू आलं नव्हतं. गेल्ही तिच्या साडीला धरून उभी होती. नावं आली, एकदम, ढीगभर. एकतीस कथांतल्या सगळ्या बायका आपापली नावं पुढं करून उभ्या राहिल्या, एकाहून एक गोड, एकाहून एक चपखल. आणि प्रत्येकीला हात लावताच ती लिहिलेली निघत होती. यातलं एक उचलून त्या रिकाम्या पाटावर ठेवायचं, म्हणजे वाफा पुन्हा एकदा उकरायचा. पण न द्यावं तर? दिव्याची ज्योत अपाच्या हनुवटीखाली हलत होती. अपा वाट बघत होती, तशीच, चौदा वर्षं बघायची तशी: तोंड किंचित उघडं, जे सांगशील ते खरं मानायला तयार. खोटं बोलणं इतकं सोपं तिला आयुष्यात कधी नव्हतं.

"मला नाही माहीत, अपा," ती म्हणाली. "मला तिचं काहीच माहीत नाही."

अपानं मान हलवली, हळूच, दोनदा. ज्योतीवर आडवा हात धरला. "मग ‘पहिली’ म्हणते," ती म्हणाली. बाबुली डोळे पुसून, नवा शर्ट अंगात अर्धवट अडकवलेला, सवयीनं डाव्या टोकाच्या पाटाकडं निघाला होता, तो मध्येच थबकला, पुढच्या पाटावर बसला, आणि गेल्हीला म्हणाला, "तू पण सरक गं. आज एकेक घर पुढं जायचंय."